बायकोचं गाव जावामध्ये, भांडुपचा फ्लॅट विकून तिकडे राहायचं आणि पैसे गुंतवायचं चाललंय, माहितगारांनी सांगा

भांडुपचा_खलाशी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, समजून घ्या. मी १३ वर्षं क्रूझ जहाजावर गॅलीमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात होतो, बायको त्याच जहाजावर हाऊसकीपिंगला, ती इंडोनेशियाची, जावा बेटावर योग्यकर्ता शहरापासून साधारण ४० किमीवर वोनोसारी आहे त्याच्याही पुढे आत एक वाडी, गुनुंगकिदुल जिल्हा. २०१७ ला मुंबईत रजिस्टर लग्न केलं, मुलगी आता ६ वर्षांची आहे. आई होती तोवर भांडुप सोडायचा प्रश्नच नव्हता, गेल्या वर्षी आई गेली आणि आता जहाजावर परत जायची इच्छा नाही, बायकोचे आईवडील थकलेत आणि ती एकुलती एक मुलगी आहे.

आता मुद्द्याचं. सासऱ्यांच्या घराला लागून एक तुकडा विकायला निघालाय, १२०० चौरस मीटर म्हणजे आपले जेमतेम १२ गुंठे, मालक ३० कोटी रुपिया मागतोय, ऐकायला भयंकर वाटतं पण आपले १६ लाखाच्या आसपास होतात. भांडुपचा वन बीएचके विकला तर हे घेऊन वर बरेच पैसे उरतात. डोक्यात असं आहे की तिथे तीन खोल्यांचं होमस्टे बांधायचं, दक्षिणेचा समुद्रकिनारा जवळ आहे, बारोन, क्राकाल, इंद्रायंती, शनिवार-रविवारी जोग्जाची (योग्यकर्ताला तसंच म्हणतात) भरपूर गर्दी असते. शिवाय ५-६ गाई घ्यायच्या, सासरे म्हणतात गावातले लोक सांभाळतात, वासरं अर्धेलीने.

मी दरवेळी तिकडे महिना दीड महिना राहिलोय, डिसेंबर-जानेवारीत, सगळं हिरवंगार, लोक इतके प्रेमळ की काय सांगू. पण महिनाभर जावई म्हणून राहणं वेगळं आणि घर विकून जाणं वेगळं हे कळतंय मला, म्हणून विचारतोय. जमीन माझ्या नावावर होते का? होत नसेल तर लोक काय करतात? आणि तिथे खरंच कायमचं राहिलेलं कुणी आहे का इथे?

लांजेकर

दादा, एवढ्या पैशात आमच्या लांज्यात कलमांची बाग आणि चिऱ्याचं घर दोन्ही होईल, भाषा आपली, कायदा आपला, मुलगी शिकेल मराठीत. सासऱ्यांची जबाबदारी आहे ते मान्य, पण त्यांना पैसे पाठवूनही भागतं. राग मानू नका, मनापासून वाटलं ते लिहिलं.

हिशेबनीस

मी टॅक्सचं काम करतो, तिकडच्या कायद्याचं बाकीचे सांगतील, पैसा इकडून नेताना काय होतं ते मी सांगतो कारण लोक फ्लॅटचा सौदा झाल्यावर विचारायला येतात आणि मग हातात काही राहत नाही.

फ्लॅट विकून नफा झाला की लाँग टर्म कॅपिटल गेन लागणार. आपण मुंबईत एक घर विकून दुसरं घेतो तेव्हा त्या नफ्यावर सवलत मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५४), तीच तिकडे घर बांधलं तरी मिळेल असं बरेच जण धरून चालतात. मिळत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नवीन घर भारतातच हवं. फ्लॅट जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के की घेऊन २० टक्के, जे कमी बसेल ते, दोन्ही मांडून बघा.

मग पैसे बाहेर पाठवणं. एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, तिच्याखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचा आकडा त्यात बसेल. पण गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखाच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ४० लाख पाठवले तर वरच्या ३० लाखावर ६ लाख कापले जाणार, ते रिटर्न भरल्यावर टॅक्समध्ये वळते होतात किंवा परत मिळतात पण तोवर अडकतात, तेव्हा तिकडच्या मालकाला तारीख देताना हे डोक्यात ठेवा. जमीन वहिनींच्या नावाने घेणार असाल तर पैसे कुठल्या पर्पज कोडखाली (कशासाठी पाठवतोय त्याचा बँकेचा क्रमांक) जाणार ते बँकेत आधी विचारून लेखी घ्या. आणि नुसता भाडेकरार केला तरी तो ५ वर्षांपेक्षा जास्त असेल तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमात परदेशातली स्थावर मालमत्ता म्हणूनच धरतात.

जोवर तुम्ही इथले रहिवासी करदाते आहात तोवर तिकडचं खातं, तिकडची मालमत्ता सगळं रिटर्नच्या शेड्यूल एफए मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखाचा दंड आहे. कायमचे गेलात की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्या. हे सगळं कंटाळवाणं आहे पण सौद्याच्या आधी दोन तास द्या याला.

तीन_आरे

दादा हात जोडून सांगतो, जमीन दुसऱ्याच्या नावावर घेऊन वेगळा कागद करतात त्या वाटेला जाऊ नका. आम्ही गेलो होतो.

२०१३ ला मी आणि ठाण्याचे दोन मित्र, लोंबोक बेटाच्या दक्षिणेला जमीन घेतली, ५ आरे. तिकडे आणि बालीत जमीन आरेमध्ये मोजतात, एक आरे म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ फूट, आपला गुंठा १०८९ फुटांचा, म्हणजे जवळजवळ गुंठाच, त्यामुळे आम्हाला तर गावाकडचा व्यवहार केल्यासारखं वाटलं. परदेशी माणसाला मालकी मिळत नाही हे एजंटने सांगितलं होतं पण म्हणाला सगळे असंच करतात, गावातल्या एका माणसाच्या नावावर घ्या, त्याच्याकडून लिहून घेऊ की पैसे तुमचे, वर मुखत्यारपत्र. नोटरीच्या ऑफिसात बसून सह्या झाल्या, शिक्के, चहा, फोटो सगळं झालं. माणूस खरोखर चांगला होता, दर ईदला फोन करायचा.

२०१९ ला तो वारला. मुलांनी जमीन वाटून घेतली, म्हणाले वडिलांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्ही वकील केला तर त्याने कागद बघून पहिल्या भेटीतच सांगितलं की कोर्टात गेलात तर आणखी वाईट होईल. १९६० चा त्यांचा मूळ जमीन कायदा आहे, त्याच्या २१ व्या कलमात पूर्ण मालकी, त्याला हाक मिलिक म्हणतात, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला, आणि २६ व्या कलमात परदेशी माणसाला आडून-पाडून मालकी देण्यासाठी केलेला व्यवहारच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. म्हणजे आमचा तो कागद हाच आमच्याविरुद्ध पुरावा. तिघांचे मिळून २२ लाख गेले. मी पीएफ मोडला होता त्यासाठी आणि घरी सांगायला मला चार महिने लागले.

परदेशी माणसाला सरळ मार्गाने जे मिळतं ते म्हणजे हाक पाकाई, वापरायचा हक्क, ३० वर्षं, पुढे २० वाढवून आणि मग ३० नवीन, आणि त्यासाठी तिथला रहिवासाचा परवाना लागतो. नाहीतर साधा भाडेकरार. कंपनी काढायची म्हटलं तर परदेशी भांडवलाच्या कंपनीला जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियाच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले सव्वापाच कोटी, तीन खोल्यांच्या होमस्टेला ते कुठून जमणार. तुमची बायको तिथलीच आहे त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्यापेक्षा सोपा आहे, तेवढ्यासाठीच हे लिहिलं, सरळ रस्ता आहे तर सरळच जा.

गिरगावची_जावा_सून

सरळ रस्ता आहे पण त्यातही एक खड्डा आहे जो माझ्या घरातच निघाला होता म्हणून आधी ते लिहिते. मी माहेरची गिरगावातली, नवरा जावानीज, ९ वर्षं वोनोसारीजवळच्या गावात राहतेय, सध्या आईकडे आलेय. तुमच्या घरी आहे तेच उलट आमच्याकडे.

इंडोनेशियन माणसाने परदेशी माणसाशी लग्न केलं की लग्नानंतरची कमाई दोघांची सामायिक धरतात, १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे. आणि सामायिक झालं की त्या जमिनीत परदेशी माणसाचा वाटा आला, म्हणजे हाक मिलिकला बाधा. म्हणून मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करावा लागतो. आधी तो लग्नाआधीच करता यायचा, कित्येक बायकांना स्वतःच्या देशात घर घेता येत नव्हतं, नवरा परदेशी म्हणून. त्यांच्यातल्याच एकीने घटनात्मक न्यायालयात दाद मागितली आणि २०१६ मध्ये निकाल आला की लग्नानंतरही करता येईल. तेव्हा जमिनीला हात लावायच्या आधी नोटरीकडे हा करार करा आणि नोंदवा. तुमचं लग्न मुंबईत झालंय, तर ते तिकडच्या नोंदणी कार्यालयात दाखल केलंय का बघा, परत गेल्यापासून वर्षाच्या आत करायचं असतं. आमच्या लग्नाची नोंद राहून गेली होती आणि करार करायला गेलो तेव्हा सगळं अडलं, एका कागदासाठी मी भर मेमध्ये गिरगाव ते मंत्रालय किती चकरा मारल्या मलाच माहीत.

आणि वहिनींच्या नावावर जमीन झाली म्हणजे ती त्यांचीच, मनातून सुद्धा. देव न करो पण त्या आधी गेल्या तर तुमच्याकडे वारसाने आलेली मालकी वर्षाच्या आत सोडावी लागते. मुलीचं नागरिकत्व म्हणून महत्त्वाचं. इंडोनेशिया मुलांना १८ पर्यंत दोन्ही चालू देतो आणि २१ पर्यंत एक निवडायला सांगतो, भारत दोन्ही मानतच नाही, तेव्हा तिच्या हातात कुठला पासपोर्ट हे आधी ठरवा.

कागद म्हणाल तर मालकाकडे सर्टिफिकेट आहे की नुसतं लेतर सी? लेतर सी म्हणजे गावच्या वहीतली कराची नोंद, आपल्या आठ-अ सारखी समजा, मालकीचा पुरावा नाही. २०२१ च्या नियमाने असले जुने कागद ५ वर्षांत नोंदवायला सांगितले होते, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत. सर्टिफिकेट असेल तर भूमी खात्याचं सेंतुह तानाहकु म्हणून ॲप आहे त्यात तुकडा बघता येतो, तरी खरी तपासणी पेपेआते कडूनच, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकारी, त्याची फी १ टक्क्याच्या वर नसते. घेणाऱ्याला ५ टक्के कर, विकणाऱ्याला अडीच. आणि ती शेतजमीन असेल तर मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, वहिनींचं ओळखपत्र गावच्या पत्त्यावर चालू आहे का?

आता राहण्याचं. हे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे.

गावात गेलात की पहिलं एरते कडे नाव नोंदवायचं. एरते म्हणजे ३०-४० घरांचा गट, त्याचा एक प्रमुख शेजाऱ्यांतलाच. दर महिन्याला बैठक आणि त्यात आरिसान, ती हुबेहूब आपली भिशी, चिठ्ठी काढतात, नाव येईल त्याच्याकडे पैसे. आमच्या वाडीत रात्री जिम्पितान असतं, प्रत्येक घराच्या पुढे खांबाला एक छोटी डबी टांगलेली, त्यात झोपायच्या आधी ५०० रुपियाचं नाणं टाकायचं, पूर्वी मूठभर तांदूळ टाकायचे, गस्तीची पोरं रात्री एक दीडला बॅटरी घेऊन फिरतात आणि डब्या रिकाम्या करून वहीत टिक करतात. पैसे किती थोडे, पण डबी दोन दिवस रिकामी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण विचारायला येते, आजारी आहेस का? मला डेंग्यू झाला तेव्हा असंच कळलं त्यांना, नवरा दूर कालिमंतान बेटावर होता. ती बाई मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेली. म्हणून मी म्हणते ती डबी कधी चुकवू नका.

लग्न, बारसं, कुणी वारलं, प्रत्येक ठिकाणी पाकीट जातं आणि ते वहीत लिहिलं जातं, आपल्या आहेराच्या वहीसारखं. लग्नाच्या महिन्यात आठवड्याला तीन-चार पाकिटं होतात, महिन्याच्या खर्चात हा वेगळा रकाना धराच. मयताला कंदुरी असते, हो तोच शब्द, आपल्याकडे दर्ग्याला कंदुरी करतात ना, बांबूच्या विणलेल्या डब्यात भात, कोंबडी, टेम्पे म्हणजे सोयाबीनच्या वड्या घरोघर जातं. तुम्ही गॅलीत काम केलंय म्हणजे तुम्हाला तर हात धरून चुलीपाशी नेतील.

गाईंचं ऐका. तिकडे त्याला गादुह म्हणतात, गाय तुमची, सांभाळणारा दुसरा, वासरं वाटून. चांगली पद्धत आहे, गुनुंगकिदुलमध्ये गाय म्हणजे लोकांची बँक, मुलाची फी भरायची म्हणून गाय विकतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरला, तिकडे तो कोरडा काळ, गवताची काडी नसते, ट्रकने पेंढा विकत घ्यावा लागतो, तो खर्च कुणाचा हे आधी बोला, नाहीतर तिथेच कडूपणा येतो. २०२२ मध्ये लाळ्या खुरकूत आला, त्याआधी तीसेक वर्षं इंडोनेशियात नव्हता तो, ऐन बकरी ईदच्या तोंडावर गुरांचे बाजार बंद झाले. आमच्या दोन होत्या, एक गेली. सांभाळणारा म्हातारा गोठ्यात बसून रडला, त्याचं वर्षाचं नुकसान आमच्यापेक्षा मोठं होतं. आणि एक लक्षात ठेवा, कुणाची गाय आजारी पडली की शेजारी मिळून ती कापतात, मांस वाटून घेतात आणि पैसे गोळा करून मालकाला देतात, ब्रांदु म्हणतात त्याला, भावना सोन्यासारखी आहे पण २०२३ ला त्यातूनच काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स पसरला आणि माणूस दगावला. पैसे जरूर द्या, मांस घरी आणू नका. मुलगी लहान आहे तुमची.

एवढं सगळं असून मला परत येऊन राहा म्हटलं तर मी येणार नाही. पण तुम्ही अजून गाव अर्धंच पाहिलंय. डिसेंबर-जानेवारीत गेलात तुम्ही. ऑगस्टमध्ये जा.

भांडुपचा_खलाशी

ताई, काय बोलू, बायकोला वाचून दाखवलं, डबीचं ऐकून तिच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाली आमच्याकडे बांबूची असायची. तिचं ओळखपत्र गावच्याच पत्त्यावर आहे पण लग्नाची नोंद तिकडे केलेली नाही, म्हणजे गाडी तिथूनच सुरू करायची. मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावास आहे तिथे सोमवारी जातो. तीन_आरे दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, मालकाच्या मुलाने मला अगदी तेच सुचवलं होतं की आधी टोकन द्या, कागद नंतर बघू. आता एक पैसा देत नाही. लांजेकर, राग कसला, तुमचं म्हणणं आईही म्हणाली असती. पण सासूबाईंना गेल्या महिन्यात घरात पडल्यावर उठवायला कुणी नव्हतं, पैसे पाठवून ते होत नाही.

ताई एक विचारायचं राहिलं, पाण्याचं. बायको म्हणते टाकी आहे, काळजी नको.

गिरगावची_जावा_सून

टाकी आहे हे सगळेच म्हणतात. तो सगळा चुनखडीचा डोंगर आहे, पाऊस पडतो आणि खाली झिरपून जमिनीखालच्या नद्यांना मिळतो, वर विहिरीला पाणी लागत नाही. म्हणून छपराचं पाणी पन्हाळीने सिमेंटच्या टाकीत घेतात. मे ते ऑक्टोबर तेवढ्यावर. नळ काही वाड्यांना आलाय पण उन्हाळ्यात रोज येईलच असं नाही.

तुम्हीच गणित करा. टाकी ५ मीटर लांब, ३ रुंद, २ खोल असेल तर ३० हजार लिटर. घरात पाच माणसं, माणशी ६० लिटर म्हणजे अगदी जपून, तरी दिवसाला ३००, शंभर दिवसांत टाकी कोरडी. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर. पुढे टँकर, आणि टँकर तुमच्या वाडीच्या चढावर येतो का हेही बघायचं, आमच्या वरच्या वाडीला अर्धा टँकरच चढतो आणि पैसे पूर्ण घेतात. त्यात सहा गाई, गाय दिवसाला ४० लिटर पाणी सहज पिते. आणि होमस्टेला आलेला पाहुणा समुद्रात डुंबून येऊन अर्धा तास शॉवर घेणार, तो भर हंगाम नेमका कोरड्या दिवसांत. माझं मत विचाराल तर होमस्टेच्या आधी दुसरी टाकी बांधा, तीच पहिली गुंतवणूक. होमस्टे पुढे केलंत तर वहिनींच्या नावाने छोट्या धंद्याची ऑनलाइन नोंदणी होते, त्याला तुमच्या नावाची गरजच नाही.

हिशेबनीस

मग फ्लॅट विकूच नका अजून. भाड्याने द्या, अकरा महिन्यांचा करार, दुसरी टाकी भाड्यातून होईल आणि परत यायला दार उघडं राहील.

भांडुपचा_खलाशी

हेच ठरवलं काल. फ्लॅट भाड्याने, आम्ही तिघं जुलैच्या शेवटी जाणार, पावसाळा सुरू होईपर्यंत सासऱ्यांच्या घरात राहणार, मुलीला गावच्या शाळेत बसवून बघणार. तोवर लग्नाची नोंद आणि करार एवढीच दोन कामं. गाय फक्त एक, तीही सासऱ्यांच्या ओळखीच्या माणसाकडे, पेंढ्याचं आधी बोलून. शेजारच्या जमिनीच्या मालकाला सांगितलं की सर्टिफिकेट दाखवा, तो म्हणाला बघतो.

आज रात्री सासऱ्यांना फोन करतो आणि टाकीत उतरून टेपने मापं घ्यायला सांगतो. नको, त्यांना नाही उतरवत, शेजारच्या पोराला सांगतो.